डाव्या हातानं वेचणारी बाई

माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षर तर त्याहून वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या गावची शाळा चौथीला संपायची. पाचवीची शाळा नाल्यापलीकडं होती आणि नाल्यापलीकडं मुलींना पाठवत नसत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हा कळलं नाही, पुढंही कळलं नाही. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कागद आहे, कधी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. लागलाच, तर एवढीच विनंती आहे, वाचताना हातात पेन्सिल घेऊ नका.

यंदाही कापूस फुटला. उशिरा आलेल्या पावसानं खालची बोंडं काळी केली, पण वरची फुटलीच. काल शेतात सीतादही झाली. पहिला वेचा सुरू करण्याआधी बायका पऱ्हाटीच्या एका झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात शिंपडतात, मगच कापसाला हात लावतात. दह्याचा आंबूस वास, सुकत आलेल्या पानांचा वास आणि सकाळच्या दवानं जड झालेला कापूस. हातात घेतला तर ओल्या मांजरीच्या पिल्लासारखा लागतो. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला बोचतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना पीठ त्या ओरखड्यांत जातं आणि चुरचुरतं. दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी मी विसरलेली असते.

विसरत नाही ती एकच गोष्ट. वेचायला उभी राहिले की मी आधी उजव्या कडेला बघते.

वेचणीत प्रत्येक बाई आपल्यापुरत्या दोन ओळी धरते, त्याला पात म्हणतात. कमरेला फडकं बांधून त्याची ओटी केलेली असते, त्यात कापूस टाकत पुढं सरकायचं. सगळ्या उजव्या हाताच्या असल्या की कोणाचा कोणाला अडथळा होत नाही. पण मधे एखादी डावखुरी आली की कोपराला कोपर लागतं, म्हणून तिला कडेची पात देतात, आमच्यात उजव्या कडेची. आमच्यात डावखुरी एकच होती. तिला मी इथं सुमन म्हणते. तिचं नाव ते नाही. तिच्या शेजारची पात कोणी घेत नसे, ती मी घ्यायची. मला चारचौघींत बोलता येत नाही, कडेला बरं वाटतं. कोपर लागायचंच. पहिल्या वर्षी आम्ही दोघी दर वेळी "लागलं का व?" म्हणायचो. नंतर म्हणणं सुटलं.

सुमनला वाचता येत नव्हतं. मी वाचनालयातून पुस्तक आणायची, रात्री घरचं आवरून दोन-चार पानं वाचायची, ओळीखाली बोट ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगायची.

"मंग, काल त्या सावत्र मायनं काय केलं?"

"दागिने लपवले."

"कुठं?"

"तांदळाच्या कोठीत."

"हात तिच्या! मी असती तर गोवरीत लपवले असते. गोवरीले कोण हात लावते?"

हळूहळू पलीकडच्या पातीवरल्या बायकाही कान देऊ लागल्या. कमलाकाकू मुद्दाम मागं रेंगाळायची. "इंदे, तुह्या गोष्टीपायी माहा कापूस कमी भरून राह्यला," म्हणायची, "मालकानं पैसे कापले तर तुह्याकडून घेईन." मग स्वतःच हसून विचारायची, "पण त्या पोरीचं लगन होते का नाई, तेवढं सांग."

मी कोणाला पुस्तक वाचा म्हणून सांगितलं असेल तर ते एवढंच. सांगायची एका सुमनला, आणि ऐकायच्या सगळ्या.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली. फिनाइलचा वास, उंदराचा वास, एक ट्यूबलाइट जी आधी फडफडते, मग लागते. तिथं मारोतराव बसतात. त्यांनी नऊ-दहा वर्षांपूर्वी एक कपाट वेगळं केलं आणि वर चिठ्ठी लावली, "आपल्या भागातले लेखक". पांढरकवड्याचे, वणीचे, इकडच्या खेड्यांतले. कोणी मास्तर, कोणी तलाठी, कोणी वकील. बहुतेकांनी स्वतःच्या पैशांनी छापलेली पुस्तकं.

"वैनी," मारोतराव म्हणाले, "तपासणीवाले येतील, ह्या कपाटाले कोणी हातच लावत नाई. तुमी बायकायले सांगत जा ना जरा."

हात लावत नव्हते हे खरं नव्हतं. लावायचे, पण कसे, ते मला नंतर समजलं. आमच्याकडं आपल्या भागातल्या लेखकाची कादंबरी कादंबरी म्हणून कोणी वाचत नाही. लेखक दूरचा असला की लोक पुस्तकातल्या माणसासाठी रडतात. जवळचा असला की हा कोण, ती कोणाची, हेच शोधत बसतात. आणि सापडलं की पानाच्या कडेला पेन्सिलीनं खरं नाव लिहून ठेवतात, पुढच्या वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून. एका कादंबरीत बैलचोर होता. त्याच्याजवळ एकानं लिहिलं होतं, "हा आपला मोतीराम." खाली दुसऱ्या अक्षरात, "नाही, हा त्याचा भाऊ." त्याच्याही खाली, "दोघेही." ते वाचून मी तोंडाला पदर लावून हसले होते. तेव्हा हसू आलं होतं.

त्याच कपाटात गुरुजींची कादंबरी होती. गुरुजी आमच्याच गावचे, नोकरी सगळी झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत झाली, निवृत्त होऊन परत आले. कादंबरीचं नाव मी लिहीत नाही. तिच्यात एक बाई आहे, ती नवऱ्याचा मार सहन न होऊन घर सोडते. पहाटेची एसटी असते. लहान मुलगी पाठोपाठ येते, तिला ती विहिरीच्या काठावर बसवते, हातात भाकरीचा तुकडा देते, आणि मागं न बघता निघून जाते. पुढं ती दुसऱ्या गावात नांदते. दर वेचणीला मजुरांच्या गाड्या येतात तेव्हा ती गाडीतल्या पोरींची तोंडं बघत राहते. शेवटी एका शेतात एक पोरगी तिला पाण्याचा तांब्या देते, डाव्या हातानं. आई पण डावखुरी. दोघी एकमेकींना ओळखतात.

ते पान वाचून मी उठून चुलीपाशी गेले आणि विझलेली चूल फुंकत बसले, घरच्यांना डोळे दिसू नयेत म्हणून. आपल्या शेतातली गोष्ट पुस्तकात असते, त्यात आपलं धुऱ्यावरचं, बांधावरचं, जेवण असतं, आपली ओटी असते, हे मला माहीतच नव्हतं. मी मारोतरावांना एवढंच सांगितलं, "हे चांगलं आहे. बायकांनी वाचावं असं."

त्यांनी दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "वाचकांची शिफारस", खाली कादंबरीचं नाव आणि त्याखाली माझं, सौ. लावून, आडनावासकट. शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव असं कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून चक्कीवर गेले, आणि येताना जवळचा रस्ता सोडून पुन्हा त्याच रस्त्यानं आले.

त्या आनंदात मी होते, म्हणून बोलले. एरवी मी शेतात मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलले, सगळ्या पातींना ऐकू जाईल असं.

"सुमन, तुझ्यासारखी बाई हाय व पुस्तकात! डाव्या हातानं वेचते!"

सुमनचा हात बोंडावर थांबला. मला तेव्हा वाटलं, नवलानं थांबला.

"मंग? काय होते तिचं?"

"ते नाई सांगत. हे सांगायचं पुस्तक नाई. पिंकीले वाचून दाखवायले लाव."

पिंकी तिची मुलगी, तेव्हा बारावीला होती. दरवेळी मी सगळी गोष्ट सांगायची, आणि हीच एक सांगितली नाही. माझ्या तोंडी ती खराब होईल असं वाटलं. सांगितली असती तर दुसऱ्या वाक्याला सुमननं मला थांबवलं असतं, आणि गोष्ट आम्हा दोघींत राहिली असती.

कार्डाला दोनशे रुपये अनामत लागत होती. सुमनकडं नव्हते, मी भरले. "वेचाईचे पैसे भेटले की देईन," ती म्हणाली. मी म्हटलं, घाई नाही. पण पुस्तक लगेच मिळालं नाही. फळ्यावर नाव लागल्यामुळं ते चार घरी फिरत होतं. मारोतराव खूश होते. मीही होते.

पुस्तक सुमनच्या घरी आलं त्या संध्याकाळी मी तिथंच होते. ओसरीवर आम्ही दोघी ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. उकडलेल्या शेंगांचा वास शेजारच्या घरून येत होता. पिंकी उंबऱ्यावर बसून वाचत होती, शाळेतल्यासारखं, खणखणीत. सुमनचा नवरा आत रेडिओ लावत होता, त्याला तिनं "बंद करा जी थोडं" म्हटलं, आणि त्यानं केला. तिला ऐकायचं होतं. मी बघत होते तिच्याकडं, कोणाला गोड खाऊ घालून तोंडाकडं बघावं तसं.

विहीर आली. पिंकीनं वाचलं, भाकरीचा तुकडा, मागं न बघता. आणि त्याच सुरात, न थांबता, तिनं कडेला लिहिलेलंही वाचून टाकलं. सुमनचं नाव. नवऱ्याच्या नावासकट. आणि पुढं कंसात, "पहिलं घर झरीकडं".

मी वाचलं तेव्हा ते पान कोरं होतं.

"आई, हे तुह्यं नाव काहून हाय इथं?"

सुमननं शेंग सोलली. दाणे टोपलीत पडले नाहीत, खाली पडले. तिनं ते वेचले, एकेक करून, डाव्या हातानं.

"आई?"

"दे ते इकडं."

"पहिलं घर म्हंजे काय?"

नवऱ्याला माहीत होतं. पाट लावतानाच, हे दुसरं लग्न करतानाच, माहीत होतं. माहीत नव्हतं ते लेकरांना आणि गावाला. आणि मला. एवढ्या वेचण्या शेजारी उभी राहून मला माहीत नव्हतं, हे सुमनला कोण पटवून देणार होतं? तिनं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

"नाई व. देवाशपथ नाई."

"मंग सगळ्यायच्या समोर डावा हात काहून काढला?"

चांगलं वाटलं म्हणून काढला. चांगलं वाटलं म्हणून, हे उत्तर आहे का?

मग ती पिंकीला म्हणाली, आणि ते मला शब्दाला शब्द आठवतं. "मी सोडून नाई आली पोरीले. माह्या कडेवरून हिसकून घेतली त्यायनं. सासऱ्यानं हात धरले, दिरानं घेतली. मी पुढं तीनदा गेलती, दारातून हाकलली मले. मास्तर तवा त्याच गावात होता, शाळेच्या दारात उभा राहून पाहे. त्याले सगळं माहीत हाय."

पिंकीनं पुस्तक छातीशी धरलं होतं. ती म्हणाली, "पण पुस्तकात तर सोडून आली असं लिहून हाय."

त्या घरात वाचता येणारी ती एकटी. तिला शिकवलं होतं सुमननंच, दुसऱ्यांच्या शेतात वेचून. छापलेलं खरं असतं, एवढं ती शिकली होती. मी उठले. पिंकी स्वतःच्या पायांकडं बघत होती, आईकडं नाही.

डावा हात मी दाखवला होता, झरी लोकांनी गुरुजींच्या नोकरीवरून जोडली. नंतरच्या दिवसांत कादंबरीचं नाव कोणी घेत नसे. बायका वाचनालयाच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणायच्या, "भाऊ, ते सुमनचं पुस्तक हाय का?" ज्यांनी जन्मात कधी पुस्तक घेतलं नव्हतं त्याही आल्या. तपासणीवाले येऊन गेले, कपाट बघून खूश झाले म्हणे. मारोतराव वाईट माणूस नाहीत. मी फळ्यावरचं नाव पुसा म्हटलं तेव्हा त्यांनी लगेच पुसलं. पण फळ्यावरचं पुसलं जातं.

एकदा मी पुस्तक मागून घरी आणलं आणि खोडरबरानं कडेची नावं खोडली. तोपर्यंत सहा-सात पानांवर झाली होती, वेगवेगळ्या अक्षरांत. कमलाकाकूच्या नातवाचं अक्षर मी ओळखलं. माझ्याकडंच यायचा तो बाराखडी गिरवायला. खोडलं तरी कागद तिरका धरला की पेन्सिलीचा दाब दिसत होता. मी पुस्तक परत केलं. पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा लिहिलं, या वेळी पेनानं.

गुरुजींकडंही गेले होते. त्यासाठी तीन दिवस धीर गोळा केला आणि दारात जाऊन सगळा सांडला. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले नाही.

"तिला विचारलं होतं का तुम्ही?" एवढंच मी बोलू शकले.

"कोणाला?"

मी नाव घेतलं नाही. ते हसले. "अहो बाई, पहिल्या पानावर छापलं आहे, सगळी पात्रं काल्पनिक आहेत म्हणून."

"तिनं मुलगी सोडली नव्हती."

"कादंबरीत सोडावी लागते," ते म्हणाले. "नाहीतर शेवट कसा होणार? शेवट तुम्हाला आवडला ना? मारोतराव सांगत होते, तुम्ही रडलात."

खरंच होतं, रडले होते. त्यांनी चहा करायला सांगितला, आणि निघताना एक प्रत दिली, सही करून, "जाणकार वाचक" असं लिहून. "तुमच्यामुळं पुस्तक चाललं," म्हणाले. "अजून दोन-चार जणींना सांगा." आणि मी काय केलं? दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं आणि "हो" म्हटलं. लाजाळू माणसाला लोक सज्जन समजतात. मला तर तो रोग वाटतो. जे तोंडात असतं ते तोंडातच कुजतं.

गुरुजींचा मला राग आहे. त्यांना ती शाळेच्या दारातून दिसली होती, हात धरलेली. ते लिहिलं असतं तरी कादंबरी झाली असती. पण त्यात दारात उभा राहिलेला मास्तरही लिहावा लागला असता. विहीर बरी, विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं. त्या शेवटच्या पाण्याच्या तांब्याचाही आता मला राग येतो. तशी कोणती पोरगी आमच्या शेतात कधी आली नाही. गाड्या येतात, पोरी उतरतात, उजव्या हातानं वेचतात, जातात.

आणि आता मीही हेच करते आहे. तिचं नाव बदललं, आणि सगळं लिहिलं. गुरुजींनीही नाव बदललंच होतं.

पिंकी बारावीनंतर यवतमाळला गेली, आधी वसतिगृहात, आता तिकडंच असते. सणाला येते, बापाशी बोलते. आईनं वाढलेलं जेवते, पण पुढं काय वाढू विचारलं तर ताटाकडं बघून मान हलवते. एकदा मला चक्कीवर भेटली. मी म्हटलं, "पिंके, तुझी आई खोटं नाई बोलत." ती म्हणाली, "मग इतकी वर्षं काहून नाई सांगतलं, काकू?" दळण घेतलं आणि गेली. वाचनालयाचं कार्ड तिनं त्याच आठवड्यात चुलीत घातलं होतं. कार्ड असतं तर अनामत परत मिळाली असती.

ती अनामत सुमन मला फेडत आली. लोक चौकात नवऱ्याला बोलायला लागले, तेव्हापासून तिची वेचाई तो मालकाकडून परस्पर घेतो. घरी आधीपासून माहीत असलेली गोष्ट गावाला कळली की नवी होते. त्यामुळं तिच्या हातात पैसा कुठून येतो मला माहीत नाही. अंडी विकत असेल. कधी दहाची नोट, कधी वीसची. एका वेचणीत एखाद-दोनदा, कधी एकदाही नाही. संध्याकाळी मालकाच्या काट्यावर गाठोडी मोजायला लागतात, तेव्हा ती माझ्यासमोर येते, पदराची गाठ सोडते आणि म्हणते, "घे."

"राहू दे व सुमन."

"कायले राहू दे?"

एवढंच बोलणं. वर्षाकाठी एवढंच. बाकी दिवस ती डाव्या कडेची पात धरते, मी उजव्या कडेची, मधे सगळ्या बायका. डाव्या कडेलाही डावखुऱ्याला अडचण नसते, ते आधी कोणाला सुचलं नव्हतं. माझ्या कोपराला आता कोणाचं कोपर लागत नाही. मला खरं सांगायचं तर ते पैसे नको होते, पण फिटावेत असंही नको होतं. दर वेळी नोट घेताना मी मनात धरायची, अजून राहिलेत.

पुस्तकं मी अजून आणते, दूरच्या लेखकांची. मारोतराव अजून विचारतात, "वैनी, फळ्यावर काई लिवू का?" मी म्हणते, काही नाही. शेतात बायका विचारतात, "इंदे, काई सांगत नाई व आता?" मी म्हणते, वाचणं होत नाही. कमलाकाकू आता थकली, धुऱ्यावर बसून लेकरं सांभाळते. काल तिनं सगळ्यांदेखत म्हटलं, "त्या पोरीचं लगन झालं का नाई, ते तू सांगतलंच नाई." कोणती पोरगी, ते तिलाही आठवत नव्हतं.

काल सीतादही झाली, पहिला वेचा झाला. दवामुळं कापूस वजनाला भरला, मालक कुरकुरला. ऊन उतरलं, पऱ्हाटीच्या सावल्या धुऱ्याला जाऊन लागल्या. मी माझं गाठोडं काट्यावरून उतरवत होते, तेव्हा सुमन आली. केस पांढरे झालेत तिचे. तिनं डाव्या हातानं पदराची गाठ सोडली. दहाची एक नोट होती, घामानं मऊ झालेली.

"घे. ही शेवटली."

"राहू दे ना व."

"कायले राहू दे? सांग, दोनशे झाले का नाई?"

मला हिशेब तोंडपाठ होता. एखादी नोट राहिली म्हणून खोटं सांगावं असं वाटलं, आणि ते तिला कळलं असतं. मी नोट घेतली.

"झाले," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, रिकामा पदर झटकला, खांद्यावर टाकला आणि गाडीकडं गेली. सगळे पैसे फिटले. आता तिला माझ्यासमोर यायचं काही कारण राहिलं नाही.